माझ्या कंपाउंडात जयवंताबाईची चूल

मी आयुष्यात एकच भिंत बांधली, आणि तिच्यात एका बाईची चूल कोंडून टाकली.

भिंत माझ्या घराच्या कंपाउंडची. चूल जयवंताबाईची. आणि या सगळ्या प्रकरणात जी कुठेच दिसली नाही ती अक्कल, तीही माझीच.

नवीन जालन्यात बियाण्याच्या कंपन्यांची गोदामं संपतात आणि तुरीची शेतं सुरू होतात, तिथे आमची सोनचाफा कॉलनी आहे. सोनचाफा फक्त कमानीवर आहे. प्लॉट विकणाऱ्याने प्रत्येक प्लॉटच्या कोपऱ्यावर दगड रोवून त्याला चुना फासला होता. पहिल्या पावसात चुना गेला, दुसऱ्या पावसात दगड गेले आणि प्लॉट विकणारा तर दोघांच्याही आधी गेला. कंपाउंड घालायची वेळ आली तेव्हा माझी बायको उषा म्हणाली, "मोजणीवाल्याला बोलवा." पण मी सगळी नोकरी शाळेत इतिहास शिकवण्यात घालवलेला माणूस. निम्म्या जगाच्या सरहद्दी मी फळ्यावर खडूने आखल्यात. एका प्लॉटची हद्द काढायला मला दुसरा माणूस लागावा, हे मनाला पटेना.

मी स्वतः फिरलो. पूर्वेच्या बाजूला एक कडुनिंब होता आणि त्याच्याखाली जमिनीत अर्धवट रुतलेले तीन दगड होते. त्यांच्यावर एक चपटा दगड झाकणासारखा ठेवलेला. पांढरटसर काहीतरी अजून चिकटून होतं. चुना, दुसरं काय.

"हाच कोपरा," मी म्हणालो.

उषाने एका दगडावरून बोट फिरवलं आणि माझ्या नाकासमोर धरलं. बोट काळं झालं होतं.

"ही काजळी आहे."

"हा बसाल्ट आहे," मी म्हणालो. "मराठवाड्यातला दगड काळाच असतो. ज्वालामुखीचा आहे तो."

"ज्वालामुखी अजून बोटाला लागतो?"

"आणि कोपऱ्याला तीन दगड कशाला?" हेही तिने विचारलं. मी म्हणालो, मजबुतीला. यावर ती पदराला बोट पुसत आत गेली. लग्नाला इतकी वर्षं झाल्यावर माणसाला कळतं की नवऱ्याला समजावण्यापेक्षा भिंत पाडणं कमी कष्टाचं असतं.

भिंत झाली. निंब आत आला, तिन्ही दगड आत आले. प्लॉट खरेदीखतापेक्षा थोडा ऐसपैस वाटतोय, असं माझ्याही मनात येऊन गेलं. पण चांगल्या गोष्टीची फार चौकशी करू नये, या मताचा मी आहे. चपट्या दगडाखाली एक वाळकी गवरी निघाली, ती कचऱ्यात टाकली. तीन दगडांच्या मधोमध माती भरून गुलाब लावला. येणाऱ्या-जाणाऱ्याला मी ते 'रॉक गार्डन' म्हणून दाखवत असे.

त्या दिवसांत मी एक पुस्तक लिहीत होतो. (अजूनही लिहितोय. त्याबद्दल घरात विचारत नाहीत.) चारशे वर्षांपूर्वी इंग्रज लोक जहाजात बसून अमेरिकेच्या किनाऱ्याला लागले आणि त्यांनी तिथे पहिल्या वसाहती कशा केल्या, हे मुलांना गोष्टीसारखं सांगायचं होतं. लिहिता लिहिता मला सारखं वाटू लागलं की हे आपलंच चाललंय. त्यांची तीन जहाजं व्हर्जिनियाला लागली; आमचा एक टेम्पो सोनचाफाला लागला, त्यात फ्रिज आडवा पडलेला आणि वर गादीवर मी. त्यांनी दलदलीत जागा निवडली, तिथलं पाणी खारट निघालं. आमच्या बोअरला पाणीच नव्हतं, नुसती हवा यायची. त्यांचा हिवाळा उपासमारीत गेला. आमचा पहिला उन्हाळा टँकरची वाट बघण्यात गेला. निम्मी कॉलनी त्या उन्हाळ्यात घरांना कुलपं लावून जुन्या जालन्यात, माहेरी, पोरांकडे पुण्याला निघून गेली. मी राहिलो. कॉलनीचे अध्यक्ष तातेराव, हे बँकेतून निवृत्त झालेले, मला सगळ्यांसमोर 'धीराचा माणूस' म्हणाले. खरं कारण असं की मी जुनं घर विकून बसलो होतो. इंग्रजांच्या बाबतीतही बहुधा असंच काही असावं. परतीचं जहाज नसलं की माणूस आपोआप शूर होतो.

सकाळी फिरायला निघालो की मी तातेरावांना म्हणायचो, "इथं काही नव्हतं हो. उघडा माळ. आपण वस्ती केली." तातेराव मान डोलवायचे. हेच वाक्य माझ्या पुस्तकात पहिल्याच प्रकरणात होतं, फक्त तिथे ते एक इंग्रज म्हणत होता.

दिवाळी सरल्यावर एका सकाळी मी व्हरांड्यात चहा घेत बसलो होतो. फाटक वाजलं. एक घोडं आत डोकावलं. घोड्यावर पातेली, घोंगड्या, उलटी बांधलेली बाज आणि टोपलीत कोंबड्या. घोड्याच्या मागून एक बाई आत आली. नऊवारी लुगडं, कपाळावर रुपयाएवढं कुंकू, हातात चांदीची जाड कडी, आणि लुगड्यावर बियाण्याच्या कंपनीचं फुकट वाटलेलं जाकीट. माझ्याकडे न बघता ती सरळ रॉक गार्डनपाशी गेली. खाली बसली. माझा गुलाब दोन्ही हातांनी मातीसकट उचलून बाजूला सावलीत ठेवला, आळं उपसलं, आणि मग पहिल्यांदा माझ्याकडे पाहिलं.

"माझी गवरी कुठं गेली?" तिने विचारलं.

मी चहाचा कप घेऊनच पुढे गेलो. "बाई, कोण पाहिजे तुम्हाला?"

"कोणी न्हाई पाह्यजे. गवरी ठिवून गेल्ते मी इथं."

"पण हे माझं घर आहे."

"घर ते तिकडं हाय ना," ती घराकडे हात करून म्हणाली. "मी घरात कुठं आले? मी चुलीपाशी बसून राह्यले."

"ही चूल आहे?"

"मंग काय देव्हारा हाय?"

मागे उषा दारात उभी होती. तिने फक्त आपलं बोट वर करून त्याकडे बघितलं, आणि आत गेली. येताना सरपण घेऊन आली.

ही जयवंताबाई. जाफराबादकडच्या एका खेड्यातली. दिवाळी झाली की त्यांचं बिऱ्हाड मेंढरांसोबत निघतं ते खाली तीर्थपुरीकडे. तिकडचे शेतकरी कापूस-सोयाबीन निघालेल्या रानात त्यांची मेंढरं बसवून घेतात. रानाला खत मिळतं, यांना धान्य मिळतं. पाऊस जवळ आला की पुन्हा वर. जाताना मधला एक तळ या निंबाखाली. तळाची जागा जयवंताबाईच्या सासूने धरली, दगड तिनेच मांडले. जयवंताबाई लग्न होऊन आली त्या वर्षीची पहिली भाकर तिने या चुलीवर केली, ती कच्ची राहिली. सासू म्हणाली, "दगडाचा दोष न्हाई." ही गोष्ट मी पुढे अनेकदा ऐकली, आणि प्रत्येक वेळी सासू थोडी जास्त वाईट होत गेली.

तळ उठवताना चूल रिकामी सोडायची नाही, हा त्या सासूचा नियम. तीन दगडांमध्ये एक गवरी ठेवायची, वर चपटा दगड झाकायचा. पुढच्या वर्षीचा पहिला जाळ त्याच गवरीवर.

"चुलीला सांगून जावं लागतं, का आम्ही येऊन राह्यलो परत," जयवंताबाई म्हणाली. "तुम्ही ती टाकली कुठं?"

मी म्हणालो, "कचऱ्याच्या गाडीत."

तिने माझ्याकडे असं पाहिलं की तसं वर्गात अभ्यास न केलेल्या पोराकडे मी कधी पाहू शकलो नाही.

तिचा नवरा त्रिंबक बाहेर ओपन स्पेसवर मेंढरं घेऊन उभा होता. ओपन स्पेस म्हणजे नकाशात बाग असलेली मोकळी जागा. डोक्याला लाल पटका, खांद्यावर काठी. तो फारसा बोलत नाही. घराच्या वाट्याला आलेले सगळे शब्द जयवंताबाईच वापरून टाकते, त्याच्यासाठी उरतं काय? मुलगा परमेश्वर मोटारसायकलवर पुढे गेला होता, कोणत्या शेतात मेंढरं बसवायची ते ठरवायला. तो दिवसातून चारदा फोन करायचा आणि जयवंताबाई कंबरेच्या पिशवीतून फोन काढून त्याला जे सांगायची ते दोन गल्ल्यांपर्यंत ऐकू जायचं. फोनची तिला गरज नव्हती, असं माझं मत झालं.

संध्याकाळपर्यंत ओपन स्पेसवर वाघर उभी राहिली. वाघर म्हणजे मेंढरं कोंडायची जाळी. कॉलनीभर लेंड्या, लोकरीचा वास, आणि बें-बें. रात्रीच्या आत कमिटीची बैठक. कमिटीत तातेराव अध्यक्ष आणि मी सचिव. सचिव कारण माझं अक्षर चांगलं आहे.

"मास्तर, तुमच्या कंपाउंडात त्यांची चूल पेटली आहे," तातेराव म्हणाले. "तेव्हा उठा म्हणून सांगायचं तुम्हीच."

मी शब्द तयार केले. 'बाई, आपली अडचण आम्ही समजू शकतो, परंतु.' हे 'परंतु' मी आरशासमोर म्हणून पाहिलं. फार छान आलं.

सकाळी चुलीपाशी गेलो. जयवंताबाई भाकरी थापत होती. मी 'बाई, आपली अडचण' इथपर्यंत आलो, तर तिने फोन माझ्या हातात दिला. "मास्तर, याचा आवाज निघून राह्यला न्हाई. बघा बरं जल्दी." आवाज बंद झालेला होता, तो सुरू केला. तोवर भाकर झाली. भाकरीवर ठेचा. 'परंतु' म्हणायचं तोंड भरलेलं होतं.

तातेरावांनी विचारलं, "काय झालं?"

"बोलणी चालू आहेत," मी म्हणालो.

"तुमच्या मिशीला ठेचा लागलाय."

दुसऱ्या दिवशी मी जेवूनच गेलो, म्हणजे मोह नको. सगळं वाक्य 'परंतु'सकट म्हटलं. जयवंताबाईने शांतपणे ऐकून घेतलं. मग उठली आणि मला वाघरीकडे घेऊन गेली. कोपऱ्यात काही मेंढ्या बसल्या होत्या, पोटं फुगलेली, मान जमिनीला टेकवून.

"ह्या पाहा," ती म्हणाली. "आज-उद्या व्यायला टेकल्या. तुम्ही म्हणताल तं उठते मी, न्हाई म्हणत न्हाई. पण ह्यांना आत्ता चालवलं तं कोकरं रस्त्यात पडतेत. मागल्या साली पाऊस लांबला, निघायला उशीर झाला, अन् इथं एका रातीपरीस जास्ती थांबायला टाइम भेटला न्हाई. दोन कोकरं ट्रकखाली गेले. मी पदरात भरून आणले ते." तिने एका मेंढीच्या फुगल्या पोटावर हात ठेवला. "आमोशा होऊ द्या. सगळ्या व्यायल्या, कोकरं पायावर उभे राह्यले, का मी जाते. एक दिवस जास्ती न्हाई."

मी 'बघतो' म्हणालो. तेवढ्यात तिने नुकतंच झालेलं एक कोकरू माझ्या हातात दिलं, कारण तिला दुसऱ्या मेंढीकडे जायचं होतं. ते ओलं होतं, थरथरत होतं, आणि माझ्या शर्टाचं बटण त्याला दूध पाजणार आहे असा त्याचा ठाम समज होता. मी ते घेऊन उभा असताना तातेराव फिरायला आले.

"बोलणी कुठपर्यंत आली?" त्यांनी विचारलं.

त्या दुपारी जयवंताबाई व्हरांड्यात पाणी प्यायला आली आणि टेबलावरच्या कागदांकडे बघून म्हणाली, "काय लिहून राह्यले?"

मी सांगितलं. इंग्रज, जहाजं, नवी भूमी. असं ऐकणारं माणूस मला फार दिवसांनी मिळालं होतं.

"ते तिकडं कशाला गेल्ते?"

"कोणी देवधर्मासाठी, कोणी सोन्यासाठी, कोणी जमिनीसाठी."

"तिथं आधी कोणी न्हव्हतं?"

"होते. तिथले लोक होते."

"मंग त्यांनी ह्यांना हाकललं न्हाई?"

"काहींनी उलट मदत केली. मका कसा पेरायचा ते शिकवलं. खायला दिलं."

"अन् मंग ह्यांनी काय केलं?"

मी चष्मा पुसला. "ते प्रकरण अजून लिहायचं आहे."

"लिहा, लिहा," ती म्हणाली. मग अंगणातल्या प्लॅस्टिकच्या ड्रमांकडे बघून, आवाज खाली आणून, जसं आजारी माणसाच्या घरी विचारतात तसं तिने विचारलं, "पाण्याचं कसं करता हो तुम्ही?"

"टँकर येतो."

"अन् न्हाई आला तं?"

मी ड्रमांची झाकणं मोजू लागलो. "अरारा," ती म्हणाली, आणि निघताना उषाला एक तांब्या मेंढीचं दूध देऊन गेली. मला वाटतं, ती मदतच होती.

इकडे तातेरावांचा धीर संपला. त्यांनी ठरवलं, ओपन स्पेसला तारेचं कुंपण घालायचं. बाहेरच्यांनी आत पाय ठेवायचा प्रश्नच नको. त्यासाठी ठराव लिहायचं काम अर्थात सचिवाकडे. मला ठराव नको होता, पण लिहायला सांगितलं की माझा हात ऐकत नाही. मी लिहिलं: 'सार्वजनिक मोकळ्या जागेवर कोणाचेही, कोणत्याही स्वरूपाचे अतिक्रमण असल्यास ते कोणताही मुलाहिजा न ठेवता हटविण्यात यावे.' 'कोणताही मुलाहिजा न ठेवता' वर मी स्वतःच खूश झालो. तातेरावांनी ते सर्वांना मोठ्याने वाचून दाखवलं.

कुंपणाआधी मोजणी. मोजणीवाला आला. कॉलनीच्या कमानीपाशी लोखंडी खुंटी अजून जागेवर होती. तिथून त्याने टेप लावला. मागे तातेराव, त्यांच्यामागे कमिटी, कमिटीमागे मी वही घेऊन, आणि सगळ्यात मागे त्रिंबक, कारण एवढी माणसं एका रांगेत कुठे चाललीत हे बघणं कोणत्याही मेंढपाळाला भागच आहे. टेप ओपन स्पेसच्या कडेने सरकत आला आणि माझ्या भिंतीला लागून थांबला. मोजणीवाल्याने भिंतीकडे पाहिलं, नकाशाकडे पाहिलं, मग मला विचारलं:

"सर, टेप आत घ्यावा लागेल. फाटक उघडता का?"

मी फाटक उघडलं. टेप अंगणातून, निंबाच्या पलीकडून, चुलीच्याही पलीकडून आला आणि स्वयंपाकघराच्या पायरीपासून चार हातांच्या अंतरावर थांबला. मोजणीवाल्याने तिथे चुन्याची रेघ ओढली. रेघेच्या एका बाजूला माझं घर. दुसऱ्या बाजूला निंब, चूल, उपटलेला गुलाब, माझी भिंत आणि वही घेतलेला मी.

उषा पायरीवर उभी होती. तिने रेघेकडे बघितलं आणि म्हणाली, "ज्वालामुखीच असेल."

जयवंताबाईला त्रिंबकने सांगितलं असावं, कारण ती थोड्या वेळाने आली, रेघेच्या त्याच बाजूला माझ्याजवळ उभी राहिली. मला वाटलं, आता ती हसेल. तिने फक्त भिंतीला हात लावून पाहिला.

"भिंत चांगली बांधली हो मास्तर," ती म्हणाली. "वारं बिलकुल येत न्हाई."

संध्याकाळी तातेरावांच्या ओट्यावर बैठक बसली. ठराव माझ्याच अक्षरात समोर होता. तातेराव वाईट माणूस नाही. तो कागद ते उलटा ठेवायला बघत होते, पण वारा नव्हता, त्यामुळे निमित्त मिळेना.

"मास्तर, तुमची भिंत," ते म्हणाले, आणि थांबले.

"पाडायची," मी म्हणालो. "मुलाहिजा न ठेवता."

"किती दिवस लागतील?"

इथे उषा बोलली. ती कमिटीत नाही; ती मला घ्यायला आली होती, कारण मी बैठकीत चप्पल विसरून येतो.

"गवंडी आजकाल मिळतो कुठे," ती म्हणाली. "आमोशेपर्यंत तरी लागेल. तोवर आमची भिंत तिथेच राहणार, म्हणजे अतिक्रमण आमचंही. मग त्या बाईंना आजच उठवायचं आणि आम्हाला मुदत द्यायची, हे कोणत्या हिशेबात बसतं, भाऊजी? एकाला घाई करायची तर दोघांना करा. मुदत द्यायची तर दोघांना द्या."

तातेरावांनी बराच वेळ विचार केला. बँकेत मुदती देण्यातच आयुष्य गेलेला माणूस. "बराबर आहे," ते शेवटी म्हणाले. "भिंत पडेपर्यंत दोन्ही अतिक्रमणं जशीच्या तशी. पण मास्तर, गवंडी शोधा बरं का."

त्यानंतरचे दिवस माझ्या आयुष्यातले सर्वांत कर्तबगार दिवस होते. मी गवंडी शोधला नाही. आळस, टाळाटाळ, 'उद्या बघू', ज्या गुणांवरून घरात आणि शाळेत मला आयुष्यभर बोलणी बसली, ते सगळे प्रथमच कोणाच्या तरी उपयोगाला आले. एक गवंडी आपण होऊन दारात आला, कोणाकडून तरी ऐकून. मी त्याला चहा पाजला, राजकारण विचारलं, गुडघेदुखीवर तेल सांगितलं आणि पुढच्या आठवड्यात ये म्हणून लावून दिलं. तातेराव विचारत, "काय, मिळाला?" मी म्हणत असे, "बोलणी चालू आहेत." आणि मिशी पुसत असे.

आणि मेंढ्या व्यायल्या. एक, मग दोन, मग जुळी. कॉलनीतल्या पोरांनी शाळेतून आल्यावर दप्तरं टाकायची आणि वाघरीशी जायचं. तातेरावांची नात एका कोकराला घरी घेऊन गेली; ते परत आणायला तातेराव स्वतः आले, काखेत कोकरू, शर्टावर त्याने केलेलं सगळं. जयवंताबाईने त्यांना बसवून ठेचा-भाकर दिली. मी दुरून बघत होतो. ते 'परंतु' म्हणाले की नाही ते कळलं नाही, पण जाताना पिशवीभर लेंड्या घेऊन गेले, गुलाबासाठी.

जयवंताबाई काही साधुसंत नाही. कॉलनीतल्या बायकांना ती तोंडावर आळशी म्हणाली. त्रिंबकला ती दिवसातून इतक्यांदा 'मुकं' म्हणायची की मला ते त्याचं नावच वाटू लागलं. माझ्या उत्तरेच्या खोलीच्या खिडकीला तिने न विचारता शेळी बांधली आणि शेळीने पडदा खाल्ला. पडद्याबद्दल बोलायला गेलो तर म्हणाली, "मंग खिडकीला कापड बांधता कशाला? माणूस हाय का ती?"

आमोशेला गवंडी आला. आता नाही म्हणायला जागा नव्हती. त्याने हातोडा उचलला तसं जयवंताबाईने चुलीपासून हाक मारली.

"सगळी पाडू नको. वाऱ्याकडची तेवढी राहू दे."

गवंड्याने माझ्याकडे पाहिलं. मी तातेरावांकडे पाहिलं. तातेरावांनी आकाशाकडे पाहिलं. चुलीच्या उत्तरेला कमरेएवढा भिंतीचा तुकडा अजून उभा आहे. ओपन स्पेसवर एकटाच. नवीन माणूस विचारतो, हे काय? मी सांगतो, स्मारक आहे.

ती निघाली त्या सकाळी थंडी होती. बाज घोड्यावर उलटी चढली, कोंबड्या टोपलीत गेल्या, आणि या वेळी घोड्याच्या दोन्ही अंगांना घोंगडीच्या झोळ्या होत्या, झोळ्यांमधून कोकरांची तोंडं बाहेर. एकही कमी नव्हतं. त्रिंबक मेंढरं घेऊन पुढे झाला. जयवंताबाई मागे राहिली. तिने राख काढून सारखी केली, तिन्ही दगडांना राखेचं एकेक बोट लावलं, मधोमध गवरी ठेवली आणि वर चपटा दगड झाकला. मग माझा गुलाब उचलला, जो एवढे दिवस निंबाच्या बुंध्याशी मातीच्या गोळ्यात जगला होता, आणि रेघेच्या अलीकडे, माझ्या हद्दीत, लावून दिला. तो आता तिथे फुलतो. रॉक गार्डनमध्ये कधी फुलला नव्हता.

उषाने तिला कुंकू लावलं, ओटी भरली. दोघी फाटकापाशी बराच वेळ काहीतरी बोलून हसल्या. विषय मीच असणार. माझं मन भरून आलं. मला वाटलं, आपण या बाईला काही मोठं बोलावं. इतिहासात असे क्षण वारंवार येत नाहीत. मी दोन पावलं पुढे झालो, घसा साफ केला, आणि आमच्या सबंध कॉलनीच्या वतीने, उदार मनाने, विचारलं:

"जयवंताबाई, पुढच्या वर्षी याल ना?"

ती घोड्याची दोरी हाताला गुंडाळत होती. तिने एकदा माझ्या अंगणातल्या रिकाम्या ड्रमांकडे बघितलं, एकदा माझ्याकडे.

"आम्ही तं येऊच, मास्तर, तुम्ही असताल का?"